तीन मिनिटं

माझं काम घंटी वाजवायचं
आणि कोण काय म्हणालं ते लिहायचं.
बाहेर सास्काचेवानची रात्र, उणे एकतीस.
शाळेच्या जिममध्ये घडीच्या खुर्च्या, ओल्या बुटांचा वास.

चार कोटी डॉलर.
चित्रातलं नवं हॉकी स्टेडियम चकाकतंय,
चित्रातली झाडं जूनमधली,
माणसं बिनकोटाची.

ओरेस्ट म्हणाला, पोरं गाव सोडतायत,
बर्फ द्या त्यांना, राहतील.
त्याचा स्वतःचा पोरगा बर्फावरूनच गेला,
परत यावं लागू नये इतका चांगला खेळत.
हे तो बोलला नाही. आम्हाला माहीत होतं.

मग म्युरिएल ख्वासनिक, वय एक्याऐंशी.
बोललीच नाही. पिशवीतून बरणी काढली,
तिच्या नळाचं पाणी, कोऱ्या चहाच्या रंगाचं,
आणि ठेवली आराखड्यावर,
मैदानाच्या मधल्या ठिपक्यावर नेमकी.
तीन मिनिटं नुसती उभी राहिली.
घंटी वाजवायला हात धजेना.
वाजवली.

पाच विरुद्ध चार. मंजूर.
मी लिहिलं, ‘नागरिकांनी मतं मांडली.’
बरणीचं काय लिहायचं
कुणी सांगितलं नाही.

सगळे गेले, बरणी राहिली.
उद्या परत करू म्हणून गाडीत ठेवली
आणि विसरले.

सकाळी काच तडकलेली.
आत तपकिरी बर्फ, एकसंध, उभा.
शेजारचा सात वर्षांचा एमेट
हातमोजा काढून बोट फिरवत म्हणाला,
‘गुळगुळीत आहे की गं!’