आमंत्रण नसतं

एकोणीस डिसेंबर. वेसेलिन उजाडायच्या आत
दिवाळे बंदरावर. मागे पिशवी घेऊन मी.
"उपास आहे," तो म्हणाला मोडक्या मराठीत,
"म्हणून मासा पाहिजे. मोठा."
चांगुणाबाईनं कोयता खाली ठेवला.
"उपास हाय आन् रावस मागतंय!"
अख्खी रांग हसली.
तो समजावत राहिला : दूध नाही, अंडं नाही, लोणी नाही,
तेल चालतं, मासा चालतो.
"मंग आमचा जल्माचा उपासच की रं,"
म्हणून तिनं वीस रुपये सोडले.

त्यांच्यात घराघराला एकेक संत.
बापाकडून पोराकडे येतो, आडनावासारखा,
किंवा गुडघेदुखीसारखा, हे त्याचंच म्हणणं.
याच्या वाट्याला निकोला, दर्यावर्द्यांचा.
आज बोट सोडू नये, पाणी आज त्याचं.
याच्या गावाला समुद्रच नाही म्हणे,
नुसती एक नदी.

आर्टिस्ट व्हिलेजमधलं घर, आमच्या चौकातलंच.
पूर्वेच्या भिंतीवर काळपटलेला दाढीवाला म्हातारा,
खाली बहिणीनं पाठवलेली मेणबत्ती,
बॅगेत दबून वाकडी झालेली.
पाव बेकरीच्या भट्टीत भाजून आणला,
वर कणकेचा क्रूस, कणकेचीच पाखरं.
(बेकरीवाल्यानं विचारलं होतं, नाव काय टाकू?)
परातीत गहू, अख्खे शिजवलेले,
अक्रोड, साखर. हे गेलेल्यांसाठी.

"बोलावलंस कुणाला?"
"बोलवायचं नसतं. ज्याला माहीत असतं तो येतो."
अरे, इथे माहीत कुणाला आहे,
हे मी म्हटलं नाही.
मेणबत्ती जळतेय तोवर यजमानानं बसायचं नसतं.
बंदरावरच्या क्रेनच्या पाळ्यांनी सुजलेले पाय,
तो उभा.
दुपारी कुरिअरवाला आला. त्याला चमचाभर गहू दिले.
त्यानं खाल्ले, आणि सही मागितली.

दिवेलागणीला चांगुणाबाई,
रिकामी पाटी, अंबाड्यात सुकलेली अबोली.
"पोरगा नाय गेला आज बोटीवर.
तू बोल्लास म्हून नाय, इंजिन बिघडलंय.
पन नाय गेला."

दोघांनी पाव धरून गोल फिरवला,
जात्याचा खुंटा धरावा तसा.
तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.
मग त्यानं वहीतली नावं वाचली :
मिलुतिन, स्तानोयका, द्रागोल्युब,
आणि एक नुसतंच "बाळ", नाव ठेवायच्या आत गेलेलं.
ती चमचा हातात धरून ऐकत राहिली.
"एक आमचं लिव. बाळाराम.
उरणच्या पुढं गेलता."
त्याचं पेन थबकलं, अक्षरं कुठली घ्यावीत?
मी वही ओढून देवनागरीत लिहिलं,
त्या अनोळखी ओळींच्या खाली, जरा तिरकं.

तिनं गहू खाल्ले. गोड जास्त झालंय म्हणाली.
पाटी उचलताना वळून बघितलं,
"आता बस की रं."
मेणबत्ती अजून दोन बोटं उरली होती.