राशीचं घनफळ

बाजार समितीची चौथी शेड, दुपारचे तीन,
सोलापूरचं ऊन पत्र्यावर कडकड वाजतंय.
खाली मालदांडीची एक रास.
आप्पा चपला काढतात. धान्याजवळ पायताण चालत नाही.
मग अंगठ्याला टाच, टाचेला अंगठा
असे राशीभोवती फिरतात.
बरोबर बावीस पावलं.

मी दहावीत. वहीचं मागचं पान.
परीघ बावीस, म्हणजे त्रिज्या साडेतीन.
(पुस्तकाबाहेर इतकं सुटसुटीत गणित भेटलं
की मला उगाच धास्ती वाटते.)
उंचीसाठी आप्पा शेंड्यातून खराट्याची काडी खुपसतात,
काडी फरशीवर आडवी ठेवून पाऊल लावतात.
दोन.

एक तृतीयांश पाय आर वर्ग एच.
पंचवीस पूर्णांक दोन तृतीयांश घनफूट.
घनफुटाला एकवीस किलो, हे मुनीम शांतलिंगांचं,
म्हणजे पाचशे एकोणचाळीस.

आप्पांनी वहीकडे बघितलंसुद्धा नाही.
‘तीन पोती की. वर धा-बारा किलो.’
‘असं कसं आप्पा? सूत्र आहे.’
‘असू दे की. सूत्राला कोण नको म्हणतंय?’

काट्यावर भरली तीनशे बारा.
हमाल हसले. मी पान फाडलं,
फाडून परत दप्तरात ठेवलं.

रात्री आप्पा झोपल्यावर
उंबऱ्याजवळच्या त्यांच्या चपलेला पट्टी लावली.
सहा नंबर, टाच झिजून तिरकी झालेली.
दहा इंच.
मी त्यांच्या पावलाला फूट समजले होते.
दोन इंच कमी, लांबीत, रुंदीत, उंचीतही,
आणि दोनशे सत्तावीस किलो ज्वारी
जी कुठल्याच रानात पिकली नव्हती
ती माझ्या वहीत सांडली होती.

पण तीननंच का भागायचं, हे राहिलंच.
सकाळी भाकरी मोडता मोडता विचारलं.
त्यांनी सांगितलं ते भलतंच काही:
मापं होती तेव्हा शेर काठापर्यंत भरला
की वर शीग चढवायची, हात न फिरवता,
थांबेल तेवढी थांबेल.
‘तिचे पैसे?’
‘शिगेचे कसले पैसे गं?’

आता मी आठवी-नववीला शिकवते, दहावीलाही.
फळ्यावर शंकू काढते, तो दरवेळी जरा डावीकडे कलतो.
मागच्या बाकावरची भुवनेश्वरी बिराजदार विचारते,
बाई, पाय म्हणजे किती?
बावीस सप्तमांश, मी सांगते,
आणि फळ्याकडे तोंड करून, हळूच,
दहा इंच.