पोटात ठेवलेलं

हेल्मेट होतं.
कोपरात अडकवलेलं, पुण्याच्या रीतीप्रमाणे.
म्हात्रे पुलाच्या उतारावर
कोपराला खरचटलंसुद्धा नाही.

डॉक्टर चिटणीसबाईंनी बिलाच्या पाठीवर
मला एक गोल काढून दाखवला.
ही कवटी. हा मेंदू.
मेंदू सुजतो, कवटी सरकत नाही.
म्हणून डावीकडची एक भिंत काढली.

ठेवली कुठे?

त्याच्याच पोटात, म्हणाल्या. कातडीखाली.
हाड तिथं उबेला राहतं.
तीन महिन्यांनी परत बसवू.

तीस वर्षं मी उन्मेषला सांगत आले,
बाबांचं बोलणं डोक्यात घेऊ नकोस,
पोटात ठेवायला शीक.
घ्या. ठेवलं.

उशाशी पाटी आहे :
'डावीकडे हाड नाही. हात लावू नये.'
या गावात आजवर इतक्या पाट्या वाचल्या,
पाळलेली ही पहिलीच.

बँडेज बदलताना मात्र पाहिलं.
कातडीखाली उडत होतं काहीतरी,
हळू, ठेक्यात.
ओळखीचं वाटलं.
याच डोक्याची टाळू मी भरली होती
खोबरेलाने, दोन बोटांनी, रोज सकाळी,
श्वास धरून.
तेव्हाही असंच उडायचं.
दीड वर्षात टाळू भरली, सगळ्यांना हायसं वाटलं,
आणि आत काय चाललंय
ते मला दिसायचं बंद झालं.

बाईंच्या टेबलावर एक कवटी आहे, पेपरवेटसारखी.
त्यांनी उलटी करून आतून दाखवली.
हाडावर बारीक ओघळ, फांद्या फुटलेले :
शिरांचे ठसे.
एवढं मऊ ते, आणि एवढ्या कठीणावर
धडधडून धडधडून वाट पाडतं.

पाचवीच्या रात्री मी कोरा कागद ठेवला होता, लेखणी ठेवली होती.
सटवाई कपाळावर बाहेरून लिहिते म्हणतात.
आतूनही कुणी लिहीत असतं
हे तेव्हा कुणी बोललं नव्हतं.

पाण्याला तो सध्या 'चावी' म्हणतो.
मी चावी देते. तो पितो.
काल पिऊन झाल्यावर त्याचा हात पोटावर गेला,
त्या वाटीच्या काठावर अडला.
बराच वेळ चाचपत राहिला, मग विचारलं,
हे कुणाचं?

तुझंच, म्हटलं.
आधी डोक्यात होतं.