सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला

कंपूत, वरच्या खोलीत, रात्रीचे अडीच.
मशीन पुन्हा पडलं.
अकरा दिवसांतून एकदा पडतं, कधी चौदा,
आणि दरवेळी वेगळ्याच कुणाचं नाव सांगतं:
मागे डिस्कचं, आज नेटवर्कचं.
दोघांनाही मी ओळखते. दोघं निर्दोष आहेत.

कीबोर्डात गजकेचे तीळ. बाहेर धुकं,
दिल्लीची गाडी सहा तास लेट,
हे बाबा न विचारता सांगतात.
ग्वाल्हेर स्टेशनच्या क्लोकरूममध्ये एकतीस वर्षं काढलेला माणूस
अडीचला जागा असतोच.

"काय हरवलंय?"
हरवलं काहीच नाही, बाबा.
एक जागा परत घेतली, न झाडता दुसऱ्याला दिली,
आणि आधीच्या कुणापाशी तिचा पत्ता अजून आहे.

ते मफलर सोडतात, पुन्हा बांधतात.
"म्हणजे सत्तेचाळीस नंबर."

त्र्याऐंशी सालचा पौष. नवरा-बायको, एक ट्रंक,
कुणाच्या तरी चुकीनं बिल्ले दोन.
नवरा दुपारी आला, ट्रंक घेऊन झाशीला गेला.
फळी रिकामी दिसली, तिथे एका फौजीची पेटी ठेवली.
रात्री बाई आली. बिल्ला खरा, नंबर खरा,
उघडलं तर आत परक्याचे स्वेटर.

"मग?"
"मग काय. बाईनं स्वेटरची घडी होती तशी घातली,
झाकण लावलं, बाकावर जाऊन बसली."

माझ्याकडची बाई अशी नाही.
ती पेटी आपलीच समजून
आत आपले आकडे लिहिते आणि चालू लागते.
चार तासांनी फौजी येतो, उघडतो, कोसळतो.
आणि आम्ही महिनाभर फौजीचीच उलटतपासणी करतो.

साडेतीनला ती ओळ सापडली.
कुलूप आधी सोडलंय, बिल्ला नंतर मोजलाय.
मधे फट. पापणीलासुद्धा दिसू नये एवढी,
पण नवऱ्याला ट्रंक उचलून न्यायला पुरते.
एक ओळ खोडली. तीच चार ओळी वर लिहिली.

बाबांनी चष्मा लावला.
"एवढंच?"
एवढंच.
"आम्हीही एवढंच केलं. दोन्ही बिल्ले खिळ्यावर येईस्तोवर
फळीवर खडूची फुली."

आज नववा दिवस. मशीन चालू आहे,
यानं काही सिद्ध होत नाही.
दुरुस्तीखाली मदत करणाऱ्यांची नावं द्यायची असतात;
मी लिहिलं, शरच्चंद्र फणसे.
हे कोणत्या टीममध्ये, असं वरून विचारलंय.
सांगेन.

ती बाई बाकावर किती वेळ बसली,
हे विचारायचं राहिलं.