खुलासा

मा. गटशिक्षणाधिकारी साहेब,
आपलं पत्र मिळालं. जावक क्रमांक वाचता येत नाही,
पोस्टमनच्या पिशवीत सुके बांगडे होते, शाई पसरली.
तीन दिवसांत लेखी खुलासा मागितलात. आज दुसरा दिवस.
मुलं खिचडीला बसलीत, म्हणून लिहायला घेतलं.

तक्रार अशी, की मी वर्गात प्रार्थना केली.

त्या दिवशी बंदरावर बावटा लागला होता.
सगळ्या होड्या आल्या, रघुवीर तांडेलची तेवढी नव्हती.
त्याचा मंथन सतराचा पाढा म्हणत होता,
सतरा चोक अडुसष्टवर थांबला
आणि म्हणाला, "बाईनूं, माजो बापूस येतलो मा?"

डी.एड.ला हा प्रश्न नव्हता.
मी म्हटलं, "माहीत नाही रे. त्याच्यासाठी मागणं करीन."
"आता?"
"आता."
फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, हातात खडू तसाच.
कुणाला डोळे मिटायला सांगितलं नाही.
ओठ हलले असतील.
पहिल्या ओळीतल्यांनी पाहिले असतील.

केंद्रप्रमुख काल येऊन गेले. भला माणूस.
"लोबो बाई, 'असे काही घडले नाही' एवढं लिहा,
फाईल बंद. पेन्शनला पाच वर्षं राहिलीत तुमची."
लिहिली ती ओळ, कच्च्या कागदावर.
अक्षर फार सुरेख आलं.
मागच्या परड्यात कोंबडा फिरत होता.
भर दुपारी आरवेल की काय, असं वाटलं,
आणि कागद फाडला.
(हे खुलाशात धरू नये.)

मुद्दा दोन. पाटीपूजनाला मी हात जोडत नाही.
खरं आहे.
झेंडू माझ्या दारचे असतात.
एकाचे आकडे जोडून सरस्वती काढायला
पहिलीतल्या प्रत्येकाला मी शिकवलंय, बोट धरून.
आरती सुरू झाली की दाराशी जाते,
पोरांच्या चपला सरळ करते.
सव्वीस जोड. त्यांतले दोन नुसते म्हणायला जोड.
उगाच जोडलेले हात मुलांना ओळखू येतात, साहेब.

मुद्दा तीन, तिठ्यावरचा खुरीस.
तिथे मुलं मेणबत्त्या लावतात ती म्हणे माझ्या सांगण्यावरून.
मी या गावात यायच्या आधीपासून लोक लावतात.
बाळंतपण अडलं तेव्हा तक्रारदारांच्या आईनेही लावली होती,
आणि मग तक्रारदार
हे वाक्य खोडलं आहे.

सोबतच्या जोडपत्रात एकतीस सह्या.
एकेक वाचली. वहीच तपासत होते जणू.
नववी सही रघुवीरची.
तो तिसऱ्या दिवशी आला, साहेब,
इंजिन बंद पडून देवगडला लागला होता.
पूर्वी साक्षरता वर्गाला यायचा रात्रीचा, हातांना जाळ्याचा वास.
तांडेल लिहिताना मात्रा 'ल'वर द्यायचा.
मी पुसायची. तो पुन्हा 'ल'वर.
"बाईनूं, थंयच बरी दिसता," म्हणायचा.

या कागदावर मात्रा 'ड'वर आहे.
चष्मा पुसून पुन्हा पाहिली.
राग यायला हवा होता, मला माहीत आहे,
त्यासाठी रात्री तेर्स झाल्यावर
बराच वेळ बसून राहिले, आला नाही.
रडू आलं थोडं. मात्रेसाठी की कशासाठी, सांगता येत नाही.

तरी प्रार्थना केली हे मान्य आहे.
पुन्हा कुणी विचारलं तर पुन्हा करीन, हेही आत्ताच लिहून ठेवते,
म्हणजे दुसऱ्या पत्राचा कागद वाचेल.
बदली झाल्यास तीन पाट्या फुटक्या आहेत,
त्यांची नोंद साठा रजिस्टरला घेतलेली आहे.

खिचडी आटपली.
मंथन ओल्या हातांनी दारात उभा आहे,
पाढा पाठ झाला म्हणतो, अडुसष्टच्या पुढचा.
ऐकायला हवा. थांबते.

आपली विश्वासू,
कार्मेलीन इनास लोबो
उपशिक्षिका