मानशीची फळी

तीन मिनिटं मिळाली शून्य प्रहरात.
पहिलं गेलं 'अध्यक्ष महोदय' म्हणण्यात
आणि पलीकडच्या बाकांवरचं हसू ओसरेपर्यंत थांबण्यात.
दुसऱ्यात जुवारीचं नाव दोनदा घ्यावं लागलं,
लघुलेखकाने मान वर करून
डोळ्यांनीच विचारलं होतं, काय म्हणालात?
मग कोळशाच्या बार्जी, त्यांच्या लाटा,
लाटांनी पोखरलेले खाजनांचे बांध.
'बांध' या शब्दावर माइक बंद झाला.

उरलेलं भाषण मी तसंच पुरं केलं.
सवय आहे.
वीस वर्षं सातवी 'ब'ला भूगोल शिकवलाय.

शुक्रवारी रात्री दाबोळी.
दुलबा गाडी चालवता चालवता सांगतो
कोण वारलं, कोणाचं लग्न मोडलं,
बोरीच्या पुलाअलीकडे कुठल्या वळणावर दिवा नाही.
माझ्या तीन मिनिटांचं तो विचारत नाही.
मीही काढत नाही विषय.

फोंड्यातलं ऑफिस बेकरीच्या माडीवर.
माणसं पावाच्या वासातून जिना चढतात,
भांडायला आलेलीसुद्धा जरा मऊ होऊन पोचतात.
हेमू वहीत उतरवून घेते:
आल्मेरिंदच्या आईचं पेन्शन अडलंय,
मशीन तिचा अंगठा ओळखत नाही
(चाळीस वर्षं मिठागरात राबलेल्या बोटांवर
रेषा उरतील कुठून).
दोन चुलतभाऊ, मधे एक माड,
नारळ कोणाच्या अंगणात पडतो ते सरकारने ठरवावं.
लिस्बनला जन्म नोंदवलेला पोरगा,
मतदार यादीतून नाव गेलेला:
'बाई, मी नेमका परका कधी झालो?
तारीख सांगा, म्हणजे आईला कळवतो.'
या प्रश्नाला दिल्लीतही उत्तर नाही,
चहा आहे, तो मी मागवते.

शेवटी आगापूरचा फोंडू गावडे.
बसत नाही. उभ्यानेच सांगतो:
मानशीची एक फळी कुजली.
खारं पाणी शेतात येतंय, कोरगूट जळेल.
शेती खात्याने जलस्रोतकडे पाठवलं,
जलस्रोतने कूळ संघाकडे,
कूळ संघाचा खजिनदार दुबईला.
मी म्हटलं, फोंडू, हे काम पंचायतीचं,
फार तर आमदाराचं. संसदेचं नव्हे.
तो म्हणाला,
'भरतीक तें खबर ना, बाय.'

रविवारी गेले. साडी खोचून, चिखलात पोटऱ्यांपर्यंत.
मानशीच्या दाराला कडी नसते, राखणदाराची सहीसुद्धा नको.
ओहोटीला शेतातलं पाणी त्याला ढकलून बाहेर जातं,
भरती येते तशी तीच त्याला मिटवते.
कोणा अडाण्याने केली ही घटना
आणि तिच्यात एकही दुरुस्ती करावी लागली नाही.
फक्त लाकूड कुजतं.

भोकावर मी तळहात धरला.
नदी गार होती, धक्के देत होती.
इतक्यात एक बार्ज गेली कोळसा घेऊन,
आणि तिच्यामागून आलेल्या लाटेने
हात बाजूलाच फेकला.
मंत्रालयाला मी लेखी विचारलं होतं,
लाटांचा दाब किती?
उत्तर आलं होतं: माहिती संकलित केली जात आहे.

माट्टीचं लाकूड, सुताराची मजुरी धरून
दोन हजार सातशे.
हेमू विचारते, कुठल्या निधीत दाखवू?
दाखवू नको, म्हटलं, आणि पर्स उघडली.
हे बरोबर केलं का, अजून ठरत नाही.
पुढल्या वर्षी दुसरी फळी कुजेल
आणि पर्स म्हणजे काही खातं नव्हे.

फोंडूने आभार मानले नाहीत.
फळी ठोकून ओलं बोट फिरवलं सांध्यावरून,
मग माझ्या पायांकडे बघून म्हणाला,
मतां मागपाक येशी तेन्ना
अशीच अनवाणी यो.
चपलांनी बांध खचता.

सोमवारी पहाटेच्या विमानात
मी प्रश्न पुन्हा लिहायला घेतला, या वेळी
'बांध' पहिल्याच वाक्यात.
नखांतला चिखल कागदाला लागला.
पुसला, तर पसरला.