भट्टीची माती

काळी माती नको, रेवप्पा कुंभार म्हणाला,
चिमूटभर जिभेवर ठेवून, थुंकून.
"पाणी पिली की फुगती बे ही,
आन आटली की फाटती.
मे महिन्यात रानात चप्पल अडकती भेगंत,
बघितलं न्हाईस?"
बघितलं होतं. तरी पोतंभर आणली होती
मंद्रूपच्या रस्त्यावरून, स्कूटीवर, पायांत धरून.
फुकटची होती.
फुकटचं टाकून द्यायला माझा हात होत नाही.

मौनिकाला वाढदिवसाला पिझ्झा हवा होता.
एक. साडेतीनशेचा.
मी म्हणालो, भट्टीच बांधू की घरी.
राजव्वा विडी वळता वळता म्हणाली,
"साडेतीनशे वाचवायला किती लागतील?"
तो हिशेब अजून चालू आहे.

माती वारुळाची सगळ्यात चांगली.
वाळवीने कण कण वेचलेली, थुंकीने मळलेली;
वळी करून बोटाभोवती गुंडाळा, तुटायची नाही.
कुदळ घेऊन गेलो भल्या पहाटे.
वारुळावर हळद होती. ओली.
घरी आलो, घमेलं पालथं घातलं,
पाय धुतले.
राजव्वाने काही विचारलं नाही,
चहात साखर मात्र जास्त पडली.

मग रेवप्पानेच दिली, त्याच्या चाकावरची,
दोन पाट्या, "उसनी" म्हणाला.
माती उसनी कशी परत करतात, मी विचारलं नाही.
लोणच्याच्या बरणीत ती ढवळून ठेवली रात्रभर;
सकाळी खाली वाळू, मध्ये गाळ, वर चिकण,
मौनिकाने बरणीवर स्केचपेनने रेघा मारल्या
आणि शाळेतल्या बाईंना सांगितलं,
आमच्या घरी प्रयोग चाललाय.

कडबा मागायला गेलो तर दूधवाला म्हणाला,
म्हशीचं तोंड मारू का तुझ्या हौसेपायी?
खरं होतं त्याचं.
त्याच रात्री पाळीला झाडू मारताना
मागाखालचा भुगा दिसला.
टॉवेलचं तूस. त्या आठवड्यात गुलाबी ऑर्डर होती.
चोवीस वर्षं झाडून फेकतोय,
छातीत गेलं ते सोडून.
पोतं भरलं. मालक म्हणाला,
"ने की, त्याचं काय करणार बे तू?"
चिखलात तुडवलं तसं ते धाग्याधाग्याने धरून बसलं,
आमच्या टाचा गुलाबी झाल्या.

विटा गफूरभाईच्या भंगारातल्या,
कुठल्याशा गिरणीच्या बॉयलरच्या.
एका अंगाने काचेसारख्या चकचकीत,
दुसऱ्या अंगावर इंग्रजी अक्षरं, अर्धी.
गफूरभाई एकेक वीट नखाने वाजवायचा,
टण वाजली की माझ्याकडे, थप्प वाजली की मागे.
बत्तीस निघाल्या.
"हिनं दगडी कोळसा सोसलाय," म्हणाला,
"तुझा मैदा काय चीज!"

विटांखाली रिकाम्या बाटल्या घालायच्या,
उष्णता जमिनीत मुरू नये म्हणून.
अक्कलकोट रोडच्या बारमधून पन्नास आणल्या,
गल्लीभर खणखणत.
कामव्वा अजूनही माझ्याकडे पाहून पदर सावरते.

ओल्या वाळूचा ढीग, त्यावर भिजलेला पेपर,
पेपरावर माती, चार बोटं जाड.
आठव्या दिवशी दारातून हात घालून
आतली वाळू ओंजळीने उपसली,
पेपर फाडला.
मौनिका बॅटरी घेऊन आत डोकावली आणि ओरडली,
छताला अक्षरं चिकटलीत,
उलटी:
पाणीकपातीची बातमी,
कुणाचा तरी दहावा,
चादरींच्या सेलची अर्धी जाहिरात.

पहिला जाळ काटक्यांचा, बारीक.
अक्षरं गेली त्यात.
डाव्या अंगाला केसाएवढी चीर पडली,
रेवप्पाने बोट फिरवलं, काही बोलला नाही,
तंबाखू मळत बसला.
राजव्वाने विडीचं सूप बाजूला ठेवलं,
काल उरलेल्या चार भाकऱ्या आत सरकवल्या,
कडक व्हायला.

वाढदिवस होऊन अकरा दिवस झाले.
चीज आणायचंय, सात रस्त्याला मिळतं म्हणे.

काळ्या मातीचं पोतं अजून जिन्याखाली आहे.
त्यावर मांजर झोपतं.